थाल ते हॉलिवूड: अर्नोल्ड श्वार्झनेगरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मी व्यायामशाळेत पोरांना शिकवतो आणि रात्री जुन्या इंग्रजी चित्रपटांवर लिहितो. दोन्हीकडून एकाच माणसाबद्दल प्रश्न येत राहतात. आमच्या व्यायामशाळेत मारुतीच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो आहे. लॅमिनेशनच्या कडा सुटल्यात, एका कोपऱ्यात ओल शिरली आहे, पण उजवा दंड अजून शाबूत आहे. नवीन पोरगा आला की आधी मारुतीला नमस्कार करतो, मग त्या दंडाकडे बघत उभा राहतो. पहिला प्रश्न तिथूनच येतो. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. अर्नोल्ड नक्की कुठला? जर्मन, ऑस्ट्रियन की ऑस्ट्रेलियन?

ऑस्ट्रियन. जन्म 30 जुलै 1947, ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात, ग्राझ शहराजवळच्या थाल नावाच्या खेड्यात. मातृभाषा जर्मन, म्हणून अनेकांना तो जर्मन वाटतो. ऑस्ट्रेलियाचं नाव त्याच्या गोष्टीत येतं ते 1980 च्या एका स्पर्धेमुळे (प्रश्न 15). वडील गुस्ताव गावचे पोलीस अधिकारी, आई ऑरेलिया, एक मोठा भाऊ. युद्ध नुकतंच संपलेलं, देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात, घरात नळ नाही, फोन नाही. पाणी बाहेरून भरून आणायचं. त्या घरात आता त्याच्यावरचं संग्रहालय आहे.

2. आडनावाचा उच्चार काय करायचा? आणि त्याचा काही अर्थ आहे का?

श्वार्झनेगर म्हणा, चालतं. जर्मन माणूस मधला 'झ' जरा 'त्स'सारखा काढतो. अर्थ आपल्याला पटकन समजेल असा आहे. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागतो, तसा जर्मनमध्ये 'अर' लागतो. श्वार्झनेग, म्हणजे काळा कडा किंवा काळी टेकडी, हे ठिकाणाचं नाव, आणि तिथला तो श्वार्झनेगर. अमेरिकेत याच आडनावाने सुरुवातीला त्याची वाट अडवली होती. इतकं लांबलचक नाव पोस्टरवर कसं मावणार, असं एजंट त्याला तोंडावर सांगायचे.

3. तो पैलवान होता की वेटलिफ्टर?

पैलवान नाही. पैलवान कुस्ती खेळतो, समोर माणूस असतो. बॉडीबिल्डर स्पर्धेत वजन उचलत नाही आणि कुणाला चीतही करत नाही. तेल लावून मंचावर उभा राहतो, पंच त्याच्या स्नायूंचा आकार, प्रमाण, कटिंग (म्हणजे स्नायूंच्या रेषा किती ठळक दिसतात) आणि पोझ बघतात. अर्नोल्डची ओळख या खेळातली. पण अंगात खरी ताकद होती. तरुणपणी त्याने वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग दोन्ही केलं, आणि 1967 मध्ये म्युनिकची दगड उचलण्याची स्पर्धा जिंकली. तो दगड 254 किलोंचा होता. 'नुसती फुगवलेली बॉडी' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

4. व्यायामाकडे वळला कसा? घरात कुणी करत होतं का?

घरात कुणीच नाही. गावात फुटबॉल खेळायचा, प्रशिक्षकाने पायांत ताकद यावी म्हणून वजनांकडे पाठवलं, आणि पोरगा तिथेच रमला. वय 14-15. ग्राझच्या क्लबात कुर्ट मारनुल नावाच्या ऑस्ट्रियन विजेत्याने त्याला सुरुवातीचे धडे दिले. क्लबाला सुट्टी असली तरी हा खिडकीतून आत शिरून व्यायाम करायचा, असं त्यानेच सांगितलं आहे.

पण खरी ठिणगी पडली ती रेज पार्कमुळे. इंग्लंडच्या लीड्सचा हा बॉडीबिल्डर मिस्टर युनिव्हर्स झाला आणि त्या जोरावर इटलीत बनलेल्या चित्रपटांत हर्क्युलिस झाला. अर्नोल्डने त्याच्याबद्दल मासिकात वाचलं आणि आयुष्याचा नकाशाच हाती लागल्यासारखं झालं: आधी मिस्टर युनिव्हर्स, मग अमेरिका, मग सिनेमा. पुढच्या प्रत्येक उत्तरात हाच क्रम दिसेल. खोलीच्या भिंतीवर त्याने तेल लावलेल्या उघड्या पुरुषांची चित्रं लावली. बाकीची पोरं मुलींची चित्रं लावतात आणि आपल्या पोराचं हे काय, म्हणून आई घाबरली आणि तिने डॉक्टरला घरी बोलावून भिंत दाखवली. डॉक्टरने तिची समजूत घातली. आमच्याकडेही एक आई मुलाला घेऊन येऊन हाच प्रश्न हळू आवाजात विचारून गेली होती, म्हणून हा किस्सा मला फार जवळचा वाटतो.

1970 मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत अर्नोल्ड पहिला आला. दुसरा आला रेज पार्क.

5. सैन्यातून पळून स्पर्धेला गेला होता ही गोष्ट खरी की प्रसिद्धीसाठी रचलेली?

खरी. ऑस्ट्रियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असते. 1965 मध्ये अर्नोल्ड रणगाडा चालवायला शिकत होता. जर्मनीत स्टुटगार्टला ज्युनियर मिस्टर युरोपची स्पर्धा होती. परवानगी न घेता छावणीतून गेला, स्पर्धा जिंकला, परत आल्यावर आठवडाभर लष्करी कोठडीत बसला. पण विजेत्याचं काय करायचं हा प्रश्न वरिष्ठांनाही पडला असावा, कारण पुढे त्याला व्यायामासाठी वेळ आणि पोटभर खाणं मिळू लागलं. घरी पोटभर मांस रोज मिळत नव्हतं, तिथे मिळालं, हा मुद्दा लोक विसरतात.

6. मिस्टर युनिव्हर्स किती वेळा झाला? कुठे 4 लिहिलंय, कुठे 5, कुठे 7.

गोंधळ होतो कारण एकाच नावाच्या स्पर्धा वेगवेगळ्या संघटना भरवायच्या. हिशेब असा आहे. नाब्बा या ब्रिटिश संघटनेची मिस्टर युनिव्हर्स 4 वेळा: 1967 मध्ये हौशी गटात, वयाच्या 20 व्या वर्षी, आणि 1968, 1969, 1970 मध्ये व्यावसायिक गटात. आयएफबीबी या दुसऱ्या संघटनेची मिस्टर युनिव्हर्स 1969 मध्ये एकदा. एकूण 5.

7 हा आकडा मिस्टर ऑलिम्पियाचा. ती वेगळी आणि सर्वांत मानाची स्पर्धा, 1965 पासून सुरू झालेली. अर्नोल्ड ती 1970 ते 1975 सलग 6 वेळा आणि मग 1980 मध्ये जिंकला. 1970 मध्ये तो 23 वर्षांचा होता आणि इतक्या लहान वयात ती आजवर कुणी जिंकलेली नाही.

हरलाही आहे, तेही लिहून ठेवायला हवं. 1966 मध्ये लंडनला चेस्टर यॉर्टनकडून, 1968 मध्ये मायामीला फ्रँक झेनकडून, 1969 च्या ऑलिम्पियात क्यूबाहून आलेल्या सर्जिओ ओलिव्हाकडून. झेनचं अंग त्याच्यापेक्षा किती तरी लहान होतं, पण कटिंग धारदार होतं. त्या रात्री अर्नोल्ड खोलीत रडला आणि दुसऱ्या दिवसापासून कटिंगच्या मागे लागला. आमची पोरं फक्त साइज मोजतात. त्यांना मी झेनचे फोटो दाखवतो.

7. अमेरिकेत त्याला कुणी नेलं? भाषा येत होती का?

जो वीडरने. व्यायामाची मासिकं, पावडरी आणि उपकरणं विकणारा हा उद्योजक. आयएफबीबी त्याने आणि त्याच्या भावाने उभी केली, मिस्टर ऑलिम्पिया त्याचीच कल्पना. सप्टेंबर 1968 मध्ये, 21 वर्षांचा अर्नोल्ड त्याच्या बोलावण्यावरून गेला. राहायची सोय, गाडी आणि आठवड्याला थोडा पगार. बदल्यात फोटो आणि लेख वीडरच्या मासिकांना. उपकार नव्हता, सौदा होता, आणि दोघांनाही तो फायद्याचा ठरला.

इंग्रजी मोडकंतोडकं होतं. व्यायाम लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात, जो गोल्डने 1965 मध्ये उघडलेल्या गोल्ड्स जिममध्ये. मुंबई-पुण्यात आज त्या नावाच्या चकचकीत शाखा दिसतात, तेव्हाची मूळ जागा मात्र साध्या बांधकामाची होती आणि बरीचशी उपकरणं गोल्डने स्वतः बनवलेली होती. पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिथल्या ओळखीच्या बॉडीबिल्डरांनी त्याच्या रिकाम्या खोलीत ताटं, चमचे, उशा आणून दिल्या. परगावी खोली करून राहिलेल्या माणसाला त्या उशीची किंमत कळेल.

8. अर्नोल्डने गवंडीकाम केलं होतं म्हणतात. इतका मोठा चॅम्पियन विटा का रचत होता?

कारण तेव्हा बॉडीबिल्डिंगमध्ये पैसा नव्हता. जगातली सर्वोच्च स्पर्धा जिंकूनही घर चालेल अशी रक्कम मिळत नसे. त्याचा जिवलग मित्र फ्रँको कोलंबू सार्डिनिया बेटाचा, बॉक्सर, बॉडीबिल्डर आणि हातात गवंडीकामाचं कसब असलेला. दोघांनी मिळून 'युरोपियन' गवंड्यांचा धंदा काढला. युरोपियन या शब्दाला कॅलिफोर्नियात वजन होतं. अर्नोल्ड मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा, मग दोघं गिऱ्हाइकासमोर जर्मन आणि इटालियनमध्ये जोरजोरात भांडायचे. शेवटी अर्नोल्ड गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगायचा की फ्रँको फार मागत होता, मी भाव उतरवला. फेब्रुवारी 1971 मध्ये सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, घराघरांच्या चिमण्या आणि भिंती पडल्या, आणि यांना कामाला माणसं पुरेनात.

या प्रश्नावर मी जास्त वेळ घेतो, कारण माझ्या मते सगळी कहाणी इथे आहे. विटांचे पैसे, पोस्टाने विकलेल्या व्यायाम-पुस्तिकांचे पैसे, स्पर्धांचे पैसे त्याने उडवले नाहीत. 1974 च्या सुमारास सांता मोनिकात सहा बिऱ्हाडांची एक इमारत घेतली. एका बिऱ्हाडात स्वतः राहायचं, बाकीच्यांच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते भरायचे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या. ती विकून मोठी घेतली, मोठी विकून आणखी मोठी. सिनेमाने नाव दिलं त्याआधीच तो या व्यवहारात लखपती नव्हे, डॉलरमध्ये मिलियनपती झाला होता.

याचा परिणाम पडद्यावर झाला. 1970 च्या दशकात त्याला ज्या भूमिका मिळत होत्या त्या नाझी अधिकाऱ्याच्या, पहिलवानी बॉडीगार्डच्या, दाराशी उभ्या राहणाऱ्या धटिंगणाच्या. घरभाड्याची ओढ असती तर त्याने त्या केल्या असत्या आणि आयुष्यभर दाराशीच उभा राहिला असता. त्याला 'नाही' म्हणणं परवडलं, कारण दर महिन्याच्या 1 तारखेला भाडं त्याच्याच हातात पडत होतं.

9. तो अमेरिकन नागरिक कधी झाला? व्हिसाचा काही घोळ होता का?

कायम वास्तव्याचा परवाना 1974 मध्ये, नागरिकत्व 17 सप्टेंबर 1983 रोजी. ऑस्ट्रियाचं नागरिकत्वही त्याने खास परवानगी घेऊन ठेवलं, म्हणजे आज तो दोन्ही देशांचा नागरिक आहे. सुरुवातीच्या व्हिसावर गवंडीकाम चालत होतं का, यावर 2003 च्या निवडणुकीत (प्रश्न 19) वर्तमानपत्रांत बरंच लिहून आलं. त्याच्या बाजूने नियमभंगाचा आरोप नाकारला गेला.

10. पहिला चित्रपट कोणता? त्यात त्याचा आवाज वेगळाच वाटतो.

'हर्क्युलिस इन न्यूयॉर्क', 1970. आवाज वेगळा वाटतो कारण तो त्याचा नाहीच, उच्चार कळत नाहीत म्हणून दुसऱ्याकडून डब करून घेतला. नावही काढून घेतलं, श्रेयनामावलीत 'अर्नोल्ड स्ट्राँग' लिहिलं. चित्रपट वाईट आहे. न्यूयॉर्कच्या बागेत अस्वलाच्या कातडीतल्या माणसाशी मारामारी आहे. मूळ आवाजाची आवृत्ती नंतर उपलब्ध झाली. ती जरूर बघा, 22 वर्षांचा घाबरलेला पोरगा ऐकू येतो. 1973 च्या 'द लाँग गुडबाय'मध्ये तर गुंडाची भूमिका आहे आणि तोंडातून एक शब्द नाही.

11. मग ब्रेक नक्की कशामुळे मिळाला? कोनन की टर्मिनेटर?

दोघांच्याही आधी दोन पायऱ्या आहेत. 1976 मध्ये बॉब राफेल्सनच्या 'स्टे हंग्री'त त्याला बॉडीबिल्डरचीच पण हळवी भूमिका मिळाली, व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाची. त्यासाठी वजन बरंच उतरवलं, एरिक मॉरिसकडे अभिनयाचे धडे घेतले, आणि पदार्पणाचा गोल्डन ग्लोब मिळवला. दुसरी पायरी 1977 चा 'पम्पिंग आयर्न' हा माहितीपट, 1975 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या ऑलिम्पियाच्या तयारीवरचा. यात तो पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने, मनमोकळा बोलला आणि जिमच्या बाहेरच्या लोकांनी त्याला पाहिलं. (त्यातलं सगळं खरं आहे का, यासाठी प्रश्न 16.)

'कोनन द बार्बेरियन' 1982 चा. दिग्दर्शक जॉन मिलियस. त्यांना जो देह हवा होता तो संगणकावर बनवायची सोय तेव्हा नव्हती, आणि असा देह असलेला, नाव माहीत असलेला माणूस एकच होता. पण गंमत बघा, तलवार नीट फिरेना, कारण छाती आणि दंड आड येत होते, म्हणून स्नायू कमी करावे लागले. आमच्याकडे मुद्गल फिरवायला शिकताना जड छातीच्या पोरांना हीच अडचण येते, म्हणून मला त्याची तलवारीची दृश्यं बघताना आधी खांदे दिसतात. कोननने त्याला नायक केलं. पण तो नायक कातडी गुंडाळून पुराणकाळात होता. शहरात, कपड्यांत, आजच्या काळात तो चालेल का, हा प्रश्न तसाच होता. त्याचं उत्तर पुढे.

12. हिरो व्हायचं होतं तर टर्मिनेटरमध्ये व्हिलन का झाला?

मूळ बोलणी नायकाच्या, म्हणजे काईल रीसच्या भूमिकेसाठी होती. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन आणि तो जेवायला भेटले. अर्नोल्ड रीसबद्दल कमी आणि त्या यंत्रमानवाबद्दल जास्त बोलत सुटला: त्याने बंदूक भरताना खाली बघता कामा नये, गोळी झाडताना डोळे मिटता कामा नयेत, चेहऱ्यावर मारल्याचं समाधान दिसता कामा नये. कॅमेरॉनला टर्मिनेटर समोर बसलेला दिसला. अर्नोल्ड आधी तयार नव्हता. त्याची नायकाची वाटचाल नुकती सुरू झालेली, आणि इथे तर दीड-दोन डझनसुद्धा वाक्यं नव्हती.

तयार झाल्यावर मात्र त्याने बॉडीबिल्डरासारखी तयारी केली. डोळे बांधून शस्त्रं सुटी करायची, जोडायची, हात आपोआप चालेपर्यंत. चित्रपट पुन्हा लावा आणि फक्त डोळे आणि मान बघा. आधी नजर वळते, मग मान. चालताना हात फारसे हलत नाहीत. अभिनय येत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच बघायला सांगतो. हे संपूर्ण शरीराचं काम आहे, आणि शरीराचा एकेक स्नायू वेगळा हलवायची सवय त्याला वयाच्या 15 व्या वर्षापासून होती.

ऑक्टोबर 1984 मध्ये चित्रपट आला. खर्च साधारण 64 लाख डॉलर, जगभरची कमाई 7 कोटी 80 लाखांच्या घरात. एजंट ज्या गोष्टी अडचणी म्हणून मोजत होते, म्हणजे अवाढव्य देह, ताठर बोलणं, परका आवाज, त्या सगळ्या यंत्राला शोभून गेल्या. त्यातलं 'आय'ल बी बॅक' हे वाक्य त्याला म्हणायला जड जात होतं. 'आय विल' करू का, असं त्याने विचारलं, कॅमेरॉन नाही म्हणाला. तेच वाक्य पुढे जगाच्या तोंडी बसलं. यानंतर 'कमांडो' 1985, 'प्रिडेटर' 1987, आणि मागे वळून बघायची गरज उरली नाही.

13. इतकी वर्षं अमेरिकेत राहून त्याचे उच्चार का सुधारले नाहीत?

प्रयत्न केला. इंग्रजीचे वर्ग केले, उच्चार घालवण्याचे वेगळे धडेही घेतले. जर्मन माणसाला इंग्रजीतले दोन 'व' वेगळे काढता येत नाहीत. आपल्यालाही एकच 'व' आहे, त्यामुळे मराठी माणसाने यावर हसू नये. टर्मिनेटर चालल्यावर लोकांना तोच आवाज हवा झाला आणि सुधारण्याचं कारण संपलं.

याची दुसरी बाजू फार कमी जणांना माहीत आहे. जर्मन भाषेत डब झालेल्या त्याच्या चित्रपटांत आवाज बहुतेक वर्षं थॉमस डानेबर्ग या जर्मन कलाकाराचा आहे. अर्नोल्डची जर्मन ग्राझकडच्या खेड्यातली. जर्मन प्रेक्षकाला ती रानातून आलेल्या शेतकऱ्याची वाटते, भविष्यातल्या यंत्राची नाही. म्हणजे हॉलिवूडमध्ये उच्चार परका आणि मायभाषेत बोली गावरान. गावाकडची बोली घेऊन शहरात आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

14. स्टिरॉइड घेत होता का? सरळ उत्तर द्या.

हो. त्याने स्वतः कबूल केलं आहे. त्या काळात अमेरिकेत ती बेकायदा नव्हती. 1990 च्या कायद्याने त्यांचा नियंत्रित औषधांत समावेश झाला. 1997 मधली त्याची हृदयशस्त्रक्रिया जन्मजात दोषामुळे होती, महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. पुढे 2018 आणि 2020 मध्येही झडपांची कामं झाली.

पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना अर्नोल्डबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारायचं असतं. म्हणून स्पष्ट लिहितो. ही स्टिरॉइडं म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोनच. ते बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आक्रसतात, मूल होण्यात अडचणी येतात, कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांनी यकृतावर ताण येतो. 16-17 वर्षांच्या मुलाने घेतलं तर हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटते. अर्नोल्डनेही अलीकडे तरुणांना यापासून लांब राहायलाच सांगितलं आहे. तुमच्या जिममध्ये कुणी बिनलेबलची बाटली आणि सुई घेऊन 'फक्त एक सायकल' (म्हणजे काही आठवड्यांचा डोस) म्हणत असेल, तर ती जिम त्याच दिवशी सोडा. आधीच घेतलं असेल तर लपवू नका, डॉक्टरकडे जा आणि काय घेतलं ते नावासकट सांगा.

15. 1980 ची ऑलिम्पिया त्याला फुकट दिली होती का?

सगळ्यांत वादग्रस्त निकाल हाच. अर्नोल्ड 1975 नंतर निवृत्त झाला होता. 1980 मध्ये कोननसाठी व्यायाम करत होता, आणि सिडनीत ऐनवेळी स्पर्धक म्हणून उभा राहिला. पहिला तो, दुसरा ख्रिस डिकरसन, तिसरा फ्रँक झेन. त्याच स्पर्धेत उतरलेला माइक मेंटझर इतका दुखावला की पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. प्रेक्षकांतूनही हुर्यो झाली.

फोटो बघून माझं मत: दंड आणि छाती अजून त्याचीच होती, पण पाय आणि एकूण भरीवपणा 1974 च्या जवळपासही नव्हता. मी पंच असतो तर डिकरसनला दिली असती. अर्नोल्डवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहितो.

16. वडील नाझी होते का? आणि वडिलांच्या अंत्ययात्रेला गेला नाही हे खरं का?

वडील नाझी पक्षाचे आणि त्याच्या एसए या दलाचे सदस्य होते. 1990 मध्ये अर्नोल्डनेच सायमन विझेन्थल सेंटरला वडिलांचा भूतकाळ तपासायला सांगितलं. सदस्यत्वाची नोंद सापडली, युद्धगुन्ह्यांचा पुरावा सापडला नाही. जानेवारी 2021 मध्ये एका चित्रफितीत तो मोकळेपणाने बोलला, की युद्धानंतर त्याच्या गावात पराभूत, अपराधी बाप दारू पिऊन घरच्यांना मारत आणि शेजारीही तेच चालल्यामुळे कुणाला काही वाटत नसे.

मोठा भाऊ 1971 मध्ये गाडीच्या अपघातात गेला, वडील 1972 मध्ये. दोन्ही वेळा अर्नोल्ड गेला नाही, हे खरं. पण 'पम्पिंग आयर्न'मध्ये तो थंडपणे जे कारण सांगतो, स्पर्धा जवळ आली होती म्हणून, ती गोष्ट दुसऱ्या एका बॉडीबिल्डरची उसनी घेतल्याचं त्याने नंतर सांगितलं. कॅमेऱ्यासमोर त्याने स्वतःला खऱ्यापेक्षा कठोर दाखवलं. त्या माहितीपटातल्या बऱ्याच बढाया अशाच आहेत.

17. 'ट्विन्स'मध्ये फुकट काम केलं होतं म्हणे?

आगाऊ मानधन घेतलं नाही. 1988 पर्यंत तो विनोदी चित्रपटात चालेल यावर स्टुडिओचा विश्वास नव्हता. म्हणून त्याने, डॅनी डेव्हिटोने आणि दिग्दर्शक आयव्हन राइटमनने पैशांऐवजी नफ्यात वाटा घेतला. चित्रपटाने 20 कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि तोच त्याचा सर्वांत फायद्याचा सौदा ठरला. इमारती घेणाऱ्याचंच डोकं हे (प्रश्न 8).

18. त्याचे चित्रपट पडले नाहीत का?

पडले की. 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो' जून 1993 मध्ये 'ज्युरासिक पार्क'नंतर एका आठवड्याने आला आणि डायनासोरांखाली चिरडला. त्याआधी 1991 चा दुसरा 'टर्मिनेटर' जगभर त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट होता आणि त्याला 4 ऑस्कर मिळाली. अर्नोल्डला स्वतःला कधी ऑस्कर मिळालं नाही.

19. तो राज्यपाल होता ना? मग राष्ट्राध्यक्ष का झाला नाही?

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार बघणारा. 7 ऑक्टोबर 2003 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आधीच्या गव्हर्नरला परत बोलावलं आणि 135 उमेदवारांतून याला निवडलं. 2006 मध्ये पुन्हा निवडून आला, जानेवारी 2011 पर्यंत पदावर होता. राष्ट्राध्यक्षासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे जन्माने नागरिक असावं लागतं. थालमध्ये जन्मलेल्याला ते दार बंद.

20. त्याच्यावर स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप होते. तरी तुम्ही त्याचा फोटो लावता?

प्रश्न रास्त आहे. 2003 च्या निवडणुकीच्या तोंडावर अनेक स्त्रियांनी आरोप केले. त्याने आपण चुकीचं वागलो हे मान्य करून माफी मागितली. 2011 मध्ये घरी काम करणाऱ्या बाईपासून त्याला मुलगा असल्याचं उघड झालं आणि मारिया श्रायव्हरशी 1986 मध्ये झालेलं लग्न मोडलं. व्यायामशाळेत फोटो लावलाय तो मेहनतीसाठी. पण पोरांनी विचारलं तर हेही सांगतो, आणि व्यायामशाळेत मुली येऊ लागल्यापासून न विचारताही सांगतो.

21. अर्नोल्ड भारतात आला होता का? आपल्याकडचं कुणी मिस्टर युनिव्हर्स झालंय का?

आला होता. 2012 मध्ये दिल्लीला पर्यावरणविषयक परिषदेसाठी आणि सप्टेंबर 2014 मध्ये चेन्नईला एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यांच्या प्रकाशनाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अभिमानाने देतो. अर्नोल्ड 4-5 वर्षांचा असताना बंगालच्या मनतोष रॉय यांनी 1951 मध्ये आणि मनोहर आईच यांनी 1952 मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्समध्ये आपापल्या गटात विजेतेपद मिळवलं. आईच पाच फुटांहूनही कमी उंचीचे होते आणि 100 वर्षांहून अधिक जगले. 1988 मध्ये पंजाबच्या प्रेमचंद डेगरांनी ते यश पुन्हा मिळवलं.

22. माझं वय 19, उंची 5 फूट 7 इंच. कॉलेज सोडून पूर्णवेळ बॉडीबिल्डिंग करून सिनेमात जायचं आहे. अर्नोल्डनेही असंच केलं ना?

नाही रे बाबा, उलट केलं. अमेरिकेत गेल्यावर दिवसाला 4-5 तास व्यायाम, विटांचं काम, संध्याकाळी कॉलेजचे वर्ग, रात्री अभिनयाचा वर्ग. वर्ग कुठे कुठे केले, तुकड्या तुकड्यांनी, आणि 1979 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सुपीरियर शाखेतून पदवी घेतली. तेव्हा तो 6 वेळा मिस्टर ऑलिम्पिया होता आणि खात्यात इमारतींचे पैसे होते. तरी पदवी पूर्ण केली.

उंचीचं मनावर घेऊ नकोस. फ्रँको कोलंबू 5 फूट 5 इंचांचा होता आणि 1976 आणि 1981 मध्ये मिस्टर ऑलिम्पिया झाला. एका कागदावर तुझा आठवडा तासातासाने लिहून आण: कॉलेज किती, प्रवास किती, मोबाइल किती, झोप किती, घरात रोज पोटात काय जातं आणि महिन्याला खर्चायला किती पैसे आहेत. तो कागद घेऊन ये, मग वजन किती लावायचं ते ठरवू. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 6 नंतर मी व्यायामशाळेतच असतो.